रणभूमी बघायला बाईकवर निघताय? आधी नकाशात पाणी शोधा

आमच्या साताऱ्यात रविवारी सकाळी सहाला पोवई नाक्यावर उभं राहिलात तर निदान चार-पाच ग्रुप तरी गाड्या काढून कुठंतरी निघालेले दिसतील, कोण कास, कोण ठोसेघर, आणि आता बरेचजण गड आणि लढाईच्या जागा बघायला पण जातात. चांगलंच आहे की. फक्त होतं काय, तीनशे किलोमीटर गाडी मारायची, स्मारकापुढं उभं राहून फोटो काढायचा, एक घोषणा द्यायची, वडापाव खायचा आणि परत. घरी आल्यावर कुणी विचारलं की बाबा लढाई नेमकी कुठल्या बाजूनं झाली, शत्रू कुठनं आला, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मी पण पहिली काही वर्षं हेच केलंय, त्यामुळं कुणाला नावं ठेवत नाही.

मग एकदा उमराणीला गेलो (त्याचं पुढं सांगतो) आणि डोक्यात उजेड पडला, की लढाईची जागा म्हणजे तिथला पुतळा नसतो, तर तिथलं पाणी, तिथली वाट आणि तिथली उंची असते. हे तीन कळलं की सगळी लढाई कळते. आणि हे बाईकवरनं जेवढं कळतं तेवढं चारचाकीत एसी लावून कळत नाही, कारण चढ आला की आपण गिअर टाकतो, ऊन लागतं, वारं लागतं, घसा कोरडा पडतो. घोडेस्वाराला जे लागायचं त्यातलं थोडंफार आपल्यालाही लागतं.

सुरुवात घरापासनं करा. म्हणजे साताऱ्याच्या माणसानं आधी अजिंक्यताऱ्यावर जायचं. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, पंधरा मिनिटांचं काम, पण आपण तिथं फिरायला आणि व्यायामाला जातो, वेढा बघायला कोण जात नाही. औरंगजेब डिसेंबर १६९९ ला स्वतः इथं येऊन बसला होता, त्याची छावणी करंज्याच्या बाजूला होती, म्हणजे आज जिथं आपले फ्लॅट आणि दुकानं आहेत तिथं. वर प्रयागजी प्रभू किल्लेदार. चार-साडेचार महिने गड लढला. मंगळाई बुरुजाखाली मोगलांनी सुरुंग लावले, एप्रिल १७०० मध्ये ते उडवले, पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, दुसऱ्या स्फोटाचा बुरुज उलटा बाहेरच्या बाजूला मोगलांच्याच अंगावर कोसळला. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, दाणापाणी संपत आलेलं, शेवटी एप्रिलमध्येच गड द्यावा लागला. औरंगजेबानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं. आता मंगळाईच्या बाजूला उभं राहून खाली बघा आणि स्वतःला विचारा, तोफ कुठं लावली असती, वर दाणा कुठनं आणला असता, पळायचं असतं तर कुठल्या बाजूनं. अर्धा तास हे केलं की डोळ्याला सवय लागते. मग पुढं कुठंही गेलात तरी हेच तीन प्रश्न.

आता दुसरी पायरी, प्रतापगड, एका दिवसाची राईड. इथं बहुतेकजण चूक करतात ती रस्त्याची. साताऱ्यातनं मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर जवळ पडतं म्हणून सगळे तिकडनं जातात. तुम्ही जाताना वाईवरनं जा. कारण अफझलखान वाईत होता. वाई-पसरणी घाट-पाचगणी-महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाटानं खाली वाडा कुंभरोशी, तिथनं डावीकडं गडाचा रस्ता. वाईत कृष्णेच्या काठी गाडी लावून चहा प्या आणि आजूबाजूला बघा, सपाट, मोकळं, भरपूर पाणी, घोडदळाला, उंटांना, तोफांना अगदी सोयीचं. खान इथंच लढाई झाली असती तर खूश होता. महाराज वाईला आले नाहीत, त्यांनी खानालाच जावळीत बोलावलं. आता गाडी चालू करा आणि पसरणी चढायला लागा, मग महाबळेश्वर ओलांडून आंबेनळीत उतरायला लागलात की पाचव्या मिनिटाला कळेल महाराजांनी काय केलं होतं. रस्ता अरुंद, दोन्हीकडं रान, पुढचं वळण दिसत नाही, मागचा माणूस दिसत नाही. आज डांबर आहे तरी आपली फाटते, खानाची फौज तर रडतोंडीच्या घाटानं उतरली, नावातच सगळं आलं.

गडावर गर्दी असते, भवानीमातेचं दर्शन घ्या, १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते उभा राहिलेला अश्वारूढ पुतळा बघा, सगळं करा, पण माझं ऐकाल तर एक तास पार गावासाठी ठेवा. कुंभरोशीतनं खाली पारला जायचं, रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे, अजून उभा. खानाची मुख्य फौज या पारच्या खोऱ्यात होती. १० नोव्हेंबर १६५९ ला वर भेट झाली, गडावरनं तोफेचा इशारा झाला आणि रानात दबा धरून बसलेले मावळे खाली फौजेवर तुटून पडले. पुलावर उभं राहून वर गडाकडं बघितलं की लक्षात येतं, खाली असलेल्याला वरचं काहीच दिसत नाही आणि वरच्याला खालचं सगळं दिसतं. भेटीची गोष्ट आपण शाळेपासनं ऐकतो, पण लढाई इथं खाली झाली. हे मला गडावर सात-आठ वेळा जाऊनही माहीत नव्हतं, पारच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी काठीनं दाखवलं, "आरं पोरा, तू वर काय बघतूयस, खाली बघ की."

परत येताना मात्र केळघर-मेढ्यानं या, तेवढीच वाट बदलते.

घाटातलं थोडं सांगून ठेवतो कारण दरवर्षी कुणीतरी धडपडतं. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची आपल्याकडं घाणेरडी सवय आहे, पेट्रोल वाचतं म्हणून. वाचतं पाच रुपयाचं आणि ब्रेक तापून धरायचे बंद होतात. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी. पुढचा ब्रेक वळणात कचकन दाबायचा नाही. पावसाळ्यात आंबेनळीत जायचा हट्ट करू नका, जुलै २०२१ ला दरडींनी हा घाट बंद पडला होता आणि त्यानंतरही पाऊस जोराचा झाला की तिथं काही ना काही खाली येतंच. महाबळेश्वरचं धुकं तर असं असतं की स्वतःच्या गाडीचा हेडलाईट भिंतीवर मारल्यासारखा परत डोळ्यात येतो, तेव्हा डिपर लो ठेवायचा, हाय नाही. माझ्या मते ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ बेस्ट. शिवप्रतापदिनाला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, गडावर सोहळा बघायचा असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी जमीन वाचायला वगैरे काही मिळणार नाही, गर्दीत फक्त पुढच्याची पाठ दिसते.

आता खरी ट्रिप. तीन दिवसांची, सगळं मिळून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि ही मी शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजरांच्या मागं आखलीय. कारण त्यांचं गाव आपल्या जिल्ह्यात, पराक्रम सांगलीत आणि मरण कोल्हापुरात. एका माणसाच्या आयुष्याच्या मागं गाडी चालवत गेलं की जागा आपोआप एकमेकींना जोडल्या जातात, नाहीतर एक गड इकडं, एक खिंड तिकडं, डोक्यात नुसती भेळ होते.

पहिला दिवस. साताऱ्यातनं कोरेगाव, पुसेगाव करत खटाव तालुक्यात भोसरे. हे प्रतापरावांचं गाव. सकाळी लवकर निघालात तर नाश्त्याच्या वेळेला पोचता. गावात गाडी हळू, आणि पोचल्यावर थेट मोबाईल काढून सुरू व्हायचं नाही, आधी कट्ट्यावर बसलेल्यांना रामराम घालायचा. "कुठलं पावनं?" "साताऱ्याचं." "बसा की मग, च्या घ्या." एवढं झालं की पुढचं सगळं तेच दाखवतात. भोसऱ्यातनं बाहेर पडताना शिवार बघून घ्या. माळरान, उघडे डोंगर, पाणी कमी. अशा रानातला माणूस पाण्याची किंमत जाणतो, हे ध्यानात ठेवा, उद्या कामाला येईल.

तिथनं वडूज. वडूजला हुतात्मा स्मारकापाशी दहा मिनिटं थांबाच. ९ सप्टेंबर १९४२ ला इथं मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा आला होता आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे शेतकरी तिथंच पडले. याला कुणी रणभूमी म्हणत नाही, मी म्हणतो. आणि मोर्चा कुठल्या बाजूनं आला, कचेरी कुठं, हे इथंही विचारून बघा, तसेच प्रश्न.

वडूज-मायणी-विटा, आणि विट्याला गुहागर-विजापूर रस्ता लागतो. आता हा रस्ता नुसता रस्ता म्हणून मारू नका. नाव बघा, विजापूर. आदिलशाहीच्या फौजा पन्हाळ्याकडं यायच्या त्या या पूर्वेच्या पट्ट्यातनंच. विटा, खानापूर, भिवघाट, नागज, जत, आपण उलट दिशेनं त्यांच्या समोर निघालोय असं समजा. नागजच्या पुढं रस्ता सरळ आणि मोकळा, गाडी आपोआप शंभरच्या पुढं जाते, नका नेऊ, मधनंच शेळ्या येतात आणि गावापाशी असे स्पीडब्रेकर आहेत की पांढरा पट्टा नाही, बोर्ड नाही, डायरेक्ट मणक्यालाच कळतं. पवनचक्क्या दिसायला लागल्या की वारं आडवं लागतं, हलकी गाडी असेल तर हँडल घट्ट आवळू नका, सैल धरा, गाडी स्वतः सावरते. जतला मुक्काम. लॉज साधे आहेत, गाडी आत लावायला देतात का एवढं आधी विचारा. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळेल तिथं बसा, आणि आजूबाजूला मराठी-कन्नड दोन्ही ऐकू यायला लागेल, दचकू नका.

दुसरा दिवस, उमराणी. जतपासनं कर्नाटकाच्या हद्दीकडं. इथली गोष्ट अशी. ६ मार्च १६७३ ला कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसं घेऊन रात्रीत पन्हाळा घेतला. तो परत घ्यायला विजापूरनं बहलोलखान निघाला. महाराजांनी प्रतापरावांना सांगितलं, त्याला वाटेतच मारा. एप्रिल महिना. प्रतापरावांनी खानाला उमराणीपाशी गाठलं आणि पहिलं काम काय केलं तर पाण्याचा साठा ताब्यात घेतला. संपलं. एप्रिलमध्ये जत तालुक्यात हजारो माणसं, घोडी, हत्ती, आणि पाणी दुसऱ्याच्या हातात. लढाई झाली, पण खरं तर तहानेनंच खानाला गुडघ्यावर आणलं. तो गयावया करायला लागला आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं.

मी पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्येच गेलो होतो, मुद्दाम नाही, सुट्टी तेव्हाच मिळाली म्हणून. सोबत एक लिटरची एकच बाटली, ती जतच्या आधीच संपली, म्हटलं पुढं मिळेल की. उमराणीच्या अलीकडं क्लचची केबल तुटली. दुपारचे साडेबारा. काळं जॅकेट अंगात, हेल्मेट काढलं तर ऊन, घातलं तर आत भट्टी. तास-दीड तास एका बाभळीखाली बसलो, सावली पण धड नाही तिच्या, आणि डोळ्यापुढं फक्त पाणी. शेवटी एक गाडीवान थांबला, त्याच्याकडच्या कॅनमधलं पाणी प्यायलो, गरम होतं पण असं पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही. मग केबल नसताना गाडी ढकलत पळवून डायरेक्ट दुसऱ्या गिअरमध्ये टाकून जतपर्यंत आणली. त्या बाभळीखाली मला उमराणीची लढाई कळली. पुस्तकात "पाणी तोडलं" हे दोन शब्द असतात, तिथं बसून कळतं की दोन तास पाणी नसेल तर माणूस तलवार टाकून देईल.

म्हणून सांगतो, नकाशा उघडलात की आधी निळं शोधा. तलाव, ओढा, नदी, जुनी विहीर. मग फोन झूम करून सॅटेलाईट लावा आणि चढ-उतार बघा, मग जुनी वाट कुठनं जात असेल ते बघा, वाट नेहमी पाण्याच्या कडेकडेनं किंवा खिंडीतनं जाते. हे घरी बसून आदल्या रात्री करायचं, एका कागदावर हातानं काढायचं, उत्तर दिशा कुठं आहे ते लिहायचं. जागेवर गेल्यावर तो कागद जमिनीशी जुळवून बघायचा. अर्धा तास लागतो. तिकडं रेंज कुठं कुठं जाते त्यामुळं ऑफलाईन मॅप डाऊनलोड करून ठेवा, आणि मॅपनं शेतातनं रस्ता दाखवला तर मॅपचं ऐकू नका, तिथल्या माणसाचं ऐका. आजचं पाणी म्हणजे तेव्हाचं पाणी असं पण नसतं, धरणं झाली, कालवे आले, म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, त्यामुळं गावातल्या जुन्या माणसाला "आधी पाणी कुठं असायचं" हा प्रश्न विचारायचाच.

स्पेअरचं बोलून टाकतो आता विषय निघालाच आहे तर. भली मोठी टूलबॉक्स घेऊन कोण फिरत नाही आणि फिरू पण नये. क्लच केबल आणि ॲक्सिलरेटर केबल आपल्या गाडीची, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप, ट्यूब असेल तर एक ट्यूब, दोन फ्यूज, इन्सुलेशन टेप, बारीक तार आणि पाच-सहा केबल टाय. माझा एक जुगाड, नवी क्लच केबल जुन्या केबलच्या बाजूनंच आधीपासनं टाकून टेपनं बांधून ठेवतो, तुटली की फक्त दोन टोकं जोडायची, पाच मिनिटांत गाडी चालू. निघायच्या दोन दिवस आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नाही, कारण मेकॅनिकनं काही ढिलं ठेवलं असेल तर गावातल्या गावात कळतं. चेन साफ करून ल्यूब मारा आणि जास्त टाईट करू नका, मागं बॅगा आणि डबल सीट बसली की चेन आणखी ताणते. हवा सकाळी टायर गार असताना बघायची, सामान जास्त असेल तर मागच्या चाकात स्टिकरवर डबल सीटसाठी लिहिलेली.

गाडी कुठली असावी? कुठलीही. बुलेटवाले रागावतील पण या ट्रिपा मी स्प्लेंडरवर पण केल्यात, पेट्रोल निम्म्यात आणि कुठल्याही गावात रिपेअर होते. मोठी गाडी असेल तर हायवेला पाठ दुखत नाही एवढाच फरक. गाडीपेक्षा हेल्मेटवर पैसे घाला. आणि पाणी माणशी तीन लिटर, यावर चर्चा नाही. पायात रायडिंग बूट असतील तर बॅगेत साधे स्पोर्ट शूज पण ठेवा, बूट घालून गडाच्या पायऱ्या उतरताना गुडघे शिव्या घालतात. झेंडा लावायचा असेल तर छोटा लावा आणि काठी घट्ट बांधा, कापड मागच्या चाकात गेलेलं मी डोळ्यानं बघितलंय, गडी वाचला ते नशीब.

दुसऱ्या दिवशी दुपारी जत-मिरज रस्त्यानं मिरजेत, जेवण करा, वेळ असेल तर सतारमेकर गल्लीत चक्कर मारा, लढाईशी संबंध नाही पण दोन दिवस गाडीचा आवाज ऐकून कान किटलेले असतात, बरं वाटतं. मग सांगली-जयसिंगपूर करत संध्याकाळपर्यंत कोल्हापूर.

इथं एक धोका सांगायलाच पाहिजे. आपण ज्या महिन्यात फिरतो, नोव्हेंबर ते मार्च, तोच आपल्याकडं गळीत हंगाम. अंधार पडला की मिरज, शिरोळ, वाळवा, कराड, सगळीकडं रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटानं झाकलेला, आणि टेपचा आवाज एवढा की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जायची शक्यता शून्य. आमच्यातला एकजण आष्ट्याच्या अलीकडं उभ्या ट्रॉलीच्या मागं घुसता घुसता राहिला, ब्रेक मारला, रस्त्यावर सांडलेल्या ऊसावर गाडी घसरली, कॉलरबोनवर निभावलं. तेव्हापासनं आमचा नियम, हंगामात साडेसहानंतर चाक फिरवायचं नाही, मुक्काम जिथं असेल तिथं. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरून हिशोब करा, आणि ती झुलत असेल तर मागंच थांबा, वाढं अंगावर येतात.

ग्रुप असेल तर पाच गाड्यांच्या वर नको. पुढं रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागं सगळ्यात अनुभवी. नवीन पोरगं मधी. मागचा दिसेना झाला की पुढच्यानं थांबायचं, एवढा एक नियम पाळला तर इंटरकॉम बिंटरकॉम काही लागत नाही.

तिसरा दिवस नेसरी. कोल्हापूर, कागल, निपाणी, गडहिंग्लज आणि तिथनं नेसरी, साधारण नव्वद किलोमीटर. गडहिंग्लजजवळ सामानगड आहे, १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडातला, वेळ असला तर बघा, नसला तर पुढच्या वेळी.

उमराणीला बहलोलला सोडल्याचं महाराजांना कळलं आणि त्यांनी जाब विचारला, शत्रूशी सल्ला कशासाठी केला. खान परत स्वराज्यावर आलाच. ती बोच मनात घेऊन प्रतापराव जवळजवळ दहा महिने हिंडत होते. आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत खानाची फौज समोर आल्यावर मागच्या सैन्याची वाट न बघता मोजक्या स्वारांनिशी थेट तिच्यावर घोडं घातलं. सात जण होते असं परंपरेनं आपण सांगत आलोय. कुणी परत आलं नाही.

स्मारकापासनं शंभर-दोनशे मीटर आधीच गाडी बंद करा. मोठे सायलेन्सर फाडफाड वाजवत तिथंपर्यंत जाणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. चालत जा. मग खिंडीत उभं राहा आणि उमराणीचा कागद आठवा. उमराणीला सेनापतीनं पाणी बघितलं, जागा निवडली, वेळ निवडली, आणि शत्रू टेकीला आणला. इथं त्याच माणसानं यातलं काहीच बघितलं नाही. आमच्यात यावर दरवेळी भांडण होतं, एकजण म्हणतो सेनापतीनं असं जायला नको होतं, फौज मागं होती, दुसरा म्हणतो तुला नोकरीत साहेब बोलला तर तू आठ दिवस जेवत नाहीस आणि इथं खुद्द महाराज बोललेत. मला विचाराल तर दोघं बरोबर आहेत. पण दोन्ही जागा लागोपाठ दोन दिवसांत बघितल्या तरच हे भांडण करायला मजा येते, नुसती नेसरी बघून येणाऱ्याला अर्धीच गोष्ट मिळते. पुढं प्रतापरावांची लेक जानकीबाई राजाराम महाराजांना देऊन महाराजांनी त्या घराशी सोयरिक केली.

पावनखिंड या ट्रिपमध्ये का नाही असं बरेचजण विचारतात, कोल्हापूरला मुक्कामच आहे तर. माझं मत, ती गाडीवरनं करू नका. १३ जुलै १६६० ची लढाई रात्रभर पावसात पन्हाळ्यावरनं चालत, पळत आलेल्या माणसांनी केलीय, बांदलांच्या आणि बाजीप्रभूंच्या मावळ्यांनी. ती जागा पन्नासेक किलोमीटर चिखल तुडवूनच बघायची, जुलैमध्ये ग्रुप जातात त्यांच्यासोबत जा. गाडीनं खिंडीजवळ जाऊन फोटो काढून आलात तर काय बघितलंत?

नेसरीतनं अकरापर्यंत निघालात तर परतीला निवांत वेळ आहे. हायवेला दुचाकीला टोल नाही, डावीकडच्या लेननं जायचं. शेंद्रे-कागल सहापदरीचं काम सुरू असेल तिथं डायव्हर्जनला खडी आणि माती असते, तिथं पुढच्या ट्रकच्या मागं चिकटू नका, खड्डा त्याच्या चाकाखालनं निघतो आणि थेट तुमच्या पुढं येतो.

कराड ओलांडलं की तासवडे टोलनाक्याच्या अलीकडं-पलीकडं तळबीडचा फाटा विचारा. हंबीरराव मोहित्यांचं गाव, वर वसंतगड. प्रतापरावांनंतर सरनौबत, म्हणजे सेनापती, झाले ते हेच, ताराबाईंचे वडील. त्यांचं स्मारक बघा, आणि मग आठवा की ते पडले कुठं, तर डिसेंबर १६८७ ला वाईजवळच्या लढाईत, सर्जाखानाशी लढताना. म्हणजे पहिल्या राईडला वाईत कृष्णेच्या काठी चहा पिताना जे सपाट, मोकळं, घोडदळाला सोयीचं रान बघितलं होतं ना, त्याच भागात. तेव्हा ते अफझलखानाच्या नजरेनं बघितलं होतं, आता पुढच्या रविवारी हंबीररावांच्या नजरेनं बघायला परत जा, पस्तीस किलोमीटर तर आहे.

मी गेलो तर सकाळी सातला पोवई नाक्यावर असेन, क्लच केबल टेपनं बांधलेली स्प्लेंडर दिसली की हात करा.